शेरा : घेणार गावी नाही

बेलारटोला, ता. सालेकसा
१२ मे २०२४

बाई,

जय भीम.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या कानाला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलणं जमत नाही, त्यामुळे आपलं पत्रच बरं. मी शाखा डाकघरातच बसतो, पत्र टाकायला मला कुठे जावंही लागत नाही.

तू विचारलंस की प्रियाला जाऊन सहा महिने झाले, मी अजून गप्प कसा. तिची आई गेल्यावर माझी पोर दहा वर्षांची होईपर्यंत तू तिला चिचगडला सांभाळलंस. मोठी बहीण म्हणूनही तुला विचारायचा हक्क आहे. त्या दिवशी घरात इतकी माणसं होती की मला नीट सांगता आलं नव्हतं. आज क्रमाने लिहितो.

तिचा वर्ग साडेचार ते साडेसहा. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट ग्रामपंचायतीच्या समाजमंदिरात यायची. एकतीस पोरं होती. आपल्या वस्तीतली, गोंडांची, पोवारांची, आणि वीटभट्टीवरची छत्तीसगडी बोलणारी चार. आधी खेळ. दिवसभर बसून आलेल्या पोराला परत बसवायचं नाही, असं ती म्हणायची. मग खाणं. प्रत्येकाने घरून एक मूठ आणायची. चणे, लाखोळी, वाल-पोपटाच्या शेंगा, भुईमूग, ज्याच्या घरी काहीच नाही त्याने मीठ. सगळं चुलीवर एका मोठ्या गंजात उकडायचं आणि गोल बसून खायचं. त्यानंतर अभ्यास. डाकेची थैली आणणाऱ्या सुकरामची धनवंता वर्षभर शाळेत तोंड उघडत नव्हती. प्रियाने तिला गणित गोंडीत सांगायला लावलं आणि बाकीच्यांना ते मराठीत करून दाखवायला लावलं. दिवाळीपर्यंत ती पोरगी शाळेत हात वर करू लागली. मास्तरांनीच मला सांगितलं.

भोजराज समाजमंदिराच्या समितीचा अध्यक्ष. सप्टेंबरात त्याने दाराला कुलूप लावलं. खताची पोती ठेवायची आहेत म्हणाला. पोती ठेवलीही, सहा. खरं कारण तो गंज होता. त्याच्या घरची पोरंही त्यातूनच खातात, हे त्याला कोणीतरी जाऊन सांगितलं. प्रिया दोनदा त्याच्या दारात गेली. किल्ली त्याच्या करदोट्याला बांधलेली होती. तिच्यासमोर ती हातात खेळवत म्हणाला, "धान निघू दे बाई. घाई काय आहे? पोट्टे काय कलेक्टर होऊन राहिले?"

वर्ग मग आपल्या घरामागच्या गुरांच्या कोठ्यात भरू लागला. धान निघालं, तणीस कोठ्यात आली. तेरा नोव्हेंबरला लहान पोरांना बसायला म्हणून तिने तणशीचा पेंढा ओढला आणि घोणस डाव्या हाताला चावली. पोरांना तिने आधी बाहेर काढलं, ओळीने. मग मला हाक मारली. सालेकसा, तिथून गोंदिया. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

एवढंच आहे. तो रोज डाकघरासमोरून जातो. "राम राम मास्तर" म्हणतो. मी मान हलवतो. मान हलवताना माझ्या मनात काय असतं ते इथे लिहीत नाही.

तुझा
रत्नपाल


चिचगड
२० मे २०२४

रत्नू,

जय भीम. मले तुह्यासारखं शाळेतलं लिहिता येत नाई. बोलते तशी लिहून राहिली.

तीस वर्षं मी अंगणवाडीत पोट्टे तोलले. कोनतं पोट्टं कायले सुकलं हे मी वजनकाट्याकडे न पाहता सांगत होती. प्रिया माह्या मांडीवर हे काम शिकली. सुट्टीत यायची तं म्हणे, मोठी आई, पोराच्या पोटात काय गेलं आणि त्याच्या संग कोन खेळलं, एवढं पाहिलं का बाकी सगळं होते. चोवीस वर्षांची पोरगी, आणि असं बोलायची.

आणि तू मान हलवून राहिला. कायले हलवतो? आपोआप हलते का तुही मान?

मी रोज सकाळी उठली का त्या भोजराजच्या नावानं बोटं मोडते. शेजारची जमुनाबाई म्हणते, रुक्माबाई, मनातून काढा, तब्येत खराब होईन. मी म्हणलं, होऊ दे. त्याले मोकळं सोडून मले तब्येत कायले पाहिजे? त्याच्या घरच्या गंजात भात शिजून राहिला ना? त्याचे नातवंडं घरी येऊन राहिले ना संध्याकाळी? मंग?

तू लहानपणापासून असाच. शाळेत पोट्टे तुही टोपी घेऊन पळायचे आणि तू उन्हात उभा राहायचा. टोपी मी आणून देत होती. आता मी चौसष्ट वर्षांची झाली, मी कुठं पळू?

तू तं त्याच्या घरचं टपालबी वेळेवर नेऊन देत असशील. पाऊस असला तं पिशवीत घालून.

जेवत जा. एकट्यासाठी रांधायचा कंटाळा करतो हे मले माहीत आहे.

रुक्माबाई


बेलारटोला
१४ जून २०२४

बाई,

जय भीम.

टपालाबद्दल तू लिहिलंस ते खरं होतं. नेऊन देत होतो. मार्चमध्ये त्याच्या बँकेचं पाकीट मी स्वतः सायकलने नेलं. तो खाटेवर होता. उठला नाही. "ठेवा तिथे," म्हणाला.

अकरा तारखेच्या थैलीत त्याच्या घरचं एक रजिस्टर पाकीट आलं. त्याच्या नातवंडाने जानेवारीत एका निवासी शाळेच्या प्रवेशाची परीक्षा दिली होती. नंबर लागला आहे. पाकिटाला खिडकी होती, वरच्या दोन ओळी वाचता आल्या. चोवीस जूनपर्यंत पालकासह हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाईल. बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथेच. आपल्या भागातून वर्षाला एखादंच पोर लागतं.

ते पाकीट माझ्या खणात आहे.

टपालाच्या नोंदीच्या यंत्रात "घरी कोणी नाही, सूचना दिली" असं टाकलं. सूचना दिली नाही. सात दिवस डाकघरात ठेवता येतं. सातव्या दिवशी शेरा मारून परत पाठवायचं, असा नियम आहे. मी चोवीस वर्षं या खिडकीत बसतो. एक पोस्टकार्डही इकडचं तिकडे झालेलं नाही. त्यामुळे माझ्यावर कोणाला संशय येणार नाही. आयुष्यभर सरळ राहिल्याचा एवढाच फायदा मला पहिल्यांदा झाला.

तो आठवडाभर रोज येतो आहे. अकरा वाजता सुकराम थैली घेऊन आला की पाच मिनिटांत हा हजर. परवाचं सांगतो.

"मास्तर, काही आलं का?"

"काय यायचं आहे?"

"शाळेचं. परीक्षा दिली होती ना जानेवारीत. दुसऱ्या गावच्या पोट्ट्याले आलं म्हणतात."

"नाही आलं."

"बघा ना जरा नीट."

मी टपाल पुन्हा पुढे ओढलं. एकेक पाकीट उलटसुलट करून बघितलं. सावकाश. तो खिडकीच्या गजाला धरून वाकून बघत होता. बाहेर ऊन होतं. खुर्ची आत होती, मी बस म्हटलं नाही.

"नाही."

सुकराम थैली घडी करत म्हणाला, "भोजराजभाऊ, रोज येऊन राहिले. तुमचीच बदली झाली का पोस्टात?"

भोजराज हसला. बाई, तो हसला आणि "हो ना भाऊ" म्हणाला. पूर्वी सुकरामने असं काही बोलायची हिंमत केली नसती. जाताना म्हणाला, "मास्तर, आलं तर पोराच्या हाती निरोप द्या. मी पळत येतो."

पळत येतो म्हणाला.

मी त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवलो. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

तुझ्या पत्रामुळे हे केलं असं समजू नकोस. माझं मीच केलं आहे.

रत्नपाल


चिचगड
१७ जून २०२४

रत्नू,

जय भीम. तुहं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या बारीले मोठ्यानं वाचलं, जमुनाबाई घरी गेल्यावर.

ठेव. खणात ठेव आणि खणाले कुलूप लाव. त्यानं कुलूप लावलं, आता तू लाव. उभा राहू दे त्याले उन्हात. माही पोरगी दोनदा त्याच्या दारात उभी राहिली, तवा त्यानं खाट सोडली काय?

त्याच्या पोराचा, नंदलालचा पोट्टाच असंन ना? मागच्या वर्षी मी आली तवा पाहिला होता. आजोबाच्या मोटारसायकलवर समोर बसून आपल्याच पोट्ट्यायवर चिखल उडवत गेला होता. चांगलं झालं. राहू दे त्याले गावात. गाई चारू दे.

तू हे करशील असं मले वाटलं नव्हतं. मी तुले भित्रा समजत होती. आज माह्या भावाले मी ओळखलं.

भोजराज काय म्हणते, रोजचं रोज लिहिजो. त्याचं तोंड कसं होते ते लिहिजो.

रुक्माबाई


बेलारटोला
२६ जून २०२४

बाई,

जय भीम.

काम झालं. तुझं पत्र मिळालं तेव्हा पाकीट निघून गेलं होतं. अठरा तारखेला "घेणार गावी नाही" असा शेरा मारला, सही केली, शिक्का मारला. सुकरामने थैलीत टाकलं. चोवीस तारीखही परवा गेली.

पंचवीसला तो आला नाही. नंदलाल आला, दुसऱ्या कामाला. म्हणाला, "नंबर नाही लागला वाटते काका. बाबा दोन दिवसांपासून कोणाशी बोलून नाही राहिले." त्याने गावभर सांगून ठेवलं होतं की आमच्या घरचं पोर लागणार. पानठेल्यावर लोक त्याला विचारतात आणि तो खाली बघतो. चौकात माणसं बसलेली असली की मागच्या गल्लीने जातो. मी आता डाकघर उघडताना दार पूर्ण उघडतो, म्हणजे तो दिसावा.

तुला त्याचं तोंड कसं झालं ते हवं होतं. प्रिया त्याच्या दारातून परत आली होती तेव्हा तिचं झालं होतं तसं.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. पाकीट त्या पोराचं नव्हतं. नंदलालच्या मुलीचं होतं, दिव्याचं. प्रियाच्या वर्गातली. कुलूप लागल्यावर घरच्यांनी तिला वर्गात जायला मना केलं होतं. ती आजीला, "शेण टाकून येते" सांगून, टोपलं घेऊन निघायची, ते आपल्या कुंपणाला ठेवायची आणि कोठ्यात येऊन बसायची. त्या परीक्षेचा अर्ज प्रियानेच ऑक्टोबरात भरला होता आणि नंदलालची सही घेतली होती. अर्जावर फोन नंबर प्रियाचा आहे. तो फोन बंद करून मी कपाटात ठेवला आहे. म्हणून शाळेने फोन केला असला तरी कोणाला कळलं नाही. कळायचा मार्ग ते पाकीट एवढाच होता.

तू विचारशील की हे आधी का नाही लिहिलं. तू नको म्हणशील असं वाटलं, आणि मला कोणी नको म्हणायला नको होतं.

भोजराजची तीच लाडकी आहे. पोरापेक्षा जास्त. म्हणूनच.

रत्नपाल


चिचगड
१ जुलै २०२४

रत्नू,

दिव्या?

मागच्या मे महिन्यात प्रिया जिले चिचगडले घेऊन आली होती, तीच ना? नंदलालची बायको बाळंतीण होती म्हणून आठ दिवस राहिली होती. बारीक, डोळे मोठे, खाताना एक हात ताटाखाली धरायची. माह्यासंग मोह वेचाले आली होती. मी म्हणलं, तुह्या आजोबाले चालते काय वो, आमच्या घरचं? तं म्हणे, मोठी आई, आजोबाले मी विचारतच नाई.

मी पोट्टा समजत होती. मी त्याले गाई चारायले लावलं माह्या पत्रात.

आता आईक. मी तुले बोल लावत नाई. टोमणा मीच मारला. टपालाचं माह्याच तोंडून निघालं, तू किती नाई म्हणला तरी. पण आता जे झालं ते झालं. तोंड उघडू नको. भोजराजले नाई, सुकरामले नाई, कोनाले नाई. तुही नोकरी जाईन, वरून पोलीस. पोरगी तं आता परत जात नाई. पुढच्या वर्षी दुसरी परीक्षा देईन, हुशार आहे.

जागा गेली तं गेली. मले तू पाहिजे. माह्याजवळ आता दुसरं कोनी नाई.

हे पत्र वाचून जाळजो.

रुक्माबाई


बेलारटोला
१८ जुलै २०२४

बाई,

जय भीम.

तुझं पत्र जाळलं नाही. तू सांगितलंस तसं वागलोही नाही. काय झालं ते सांगतो, शेवटपर्यंत वाच.

तीन तारखेला शाळा सुटल्यावर दिव्या डाकघरात आली. दप्तर पाठीला होतं. मी दिवसाची बेरीज करत होतो. तिला काही घ्यायचं नव्हतं. गज धरून उभी राहिली, आजोबा उभा राहायचा तिथेच.

"काका, ताई खोटं बोले काय?"

"काय खोटं?"

"थे म्हणे, दिव्या, तुहा नंबर लागतेच. वहीवर लिहून देलं होतं, लाल पेननं. मंग लागला नाई."

मी बेरजेचा कागद उलटा ठेवला.

"आजोबा म्हणते, थे सगळ्याच पोरायले असं सांगत होती, पोरं यावं म्हणून. धनवंतालेबी म्हणे ना, तू मॅडम होशील. पिंटूले म्हणे, तू बोलायले शिकशील, अटकणार नाई. पिंटू तं पुन्हा अटकून राहिला. आमी सगळ्यायनं मिळून ठरवलं."

"काय ठरवलं?"

"ताई चांगली होती. पन खोटं बोले." मग माझं तोंड बघून म्हणाली, "आमाले राग नाई काका. आमी कोनाले सांगत नाई."

ती मला समजावत होती, बाई. अकरा वर्षांची पोरगी.

ती गेल्यावर मी खिडकी लावून घेतली. प्रियाने तीन वर्षं त्या पोरांना एकच गोष्ट दिली होती. ताई म्हणते तर होईल, एवढी. त्यावर धनवंता बोलली, पिंटूचं अडखळणं कमी झालं. खायला दोन मुठी चणे आणि हा विश्वास, याशिवाय त्या वर्गात काहीच नव्हतं. भोजराजने कुलूप लावलं तेव्हा पोरांनी कोठ्यात येणं सोडलं नाही. ती गेली तेव्हाही त्यांच्यात ते उरलेलं होतं. ते मी काढून घेतलं. भोजराजच्या हातून जे झालं नाही ते माझ्या हातून झालं.

चार तारखेला कपाटातून तिचा फोन काढला, चार्ज केला. शाळेचे पाच फोन येऊन गेल्याचे मेसेज होते. त्या नंबरवर लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, पाकीट परत आलं, जागा पुढच्या यादीत टाकली आहे, यादी पंधरा जुलैला लागेल. पोस्टाची चूक असल्याचं डाकघराकडून लेखी आणलं तर जागा परत मिळेल. मी म्हटलं, आणतो. "कोणाकडून आणाल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चूक करणाऱ्याकडून.

लिहायला बसलो. मी शाखा पोस्टमास्तर रत्नपाल, अमुक क्रमांकाचं रजिस्टर पाकीट हेतुपुरस्सर रोखलं, खोटा शेरा मारला, मुलीची व पालकांची यात चूक नाही. तीन प्रती केल्या. एक शाळेला, एक खात्याला, एक दिव्याच्या घरच्यांना.

मग भोजराजकडे गेलो. तो अंगणात खाटेवर होता, नंदलाल बाजूला. बस म्हणाला नाही. मी उभ्याने सांगितलं. "दिव्याचा नंबर लागला आहे. पाकीट मी सात दिवस ठेवलं आणि परत पाठवलं. हा कागद घ्या आणि उद्याच शाळेत जा."

त्याला समजायला वेळ लागला. मग उठला आणि माझ्या थोबाडीत मारली. नंदलालने हात धरला नसता तर आणखी मारलं असतं.

"लहान पोरीवर? शरम नाही वाटली? माझ्यावर काढायचं होतं ना?"

"पोरीवर काढलं, ते चुकलं. त्याची शिक्षा मी घेतो आहे. तुमच्यावरचं अजून काढायचं आहे."

"माझ्यावर काय? साप काय मी पाळला होता?"

"साप नाही. कुलूप."

"जा, जा. सहा महिन्यांत नोकरी खातो तुझी."

"सहा महिने लागणार नाहीत. मीच कळवतो आहे."

दारात दिव्या उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी तिच्याकडे बघून एवढंच म्हणालो, "ताई खरं बोलत होती. खोटा मी." ती आत पळाली.

दहा तारखेला तिचा प्रवेश झाला. नंदलाल सोडून आला. परत येताना माझ्या घराशी थांबला, पण सायकलवरून उतरला नाही. पोरांना दिव्यानेच जाण्याआधी सांगितलं असावं. धनवंता माझ्या अंगणाच्या कडेने जाताना तोंड फिरवते. बरोबर आहे. माझ्याशी बोलू नये त्यांनी. ताईबद्दलचं परत मिळालं असेल तर मला एवढं पुरे.

आता जे तुला कधीच सांगितलं नव्हतं ते.

सप्टेंबरात कुलूप लागल्यावर प्रियाने पंचायत समितीला अर्ज लिहिला होता. ग्रामपंचायतीचा ठराव नसताना सार्वजनिक जागा बंद केली, एकतीस मुलांचा वर्ग बंद पडला, असा. खाली पालकांचे अंगठे आणि सह्या. पाकीट करून मला दिलं. "बाबा, रजिस्टर करा." मी हो म्हटलं आणि केलं नाही. त्याच्याशी वैर कशाला, त्याची माणसं आहेत, पोरीचं लग्न व्हायचं आहे, असं मनात. तिने पोचपावती विचारली. मी म्हटलं, येईल. मग मीच म्हटलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत आपल्या कोठ्यात बसव पोरांना. कोठा मी दिला. तणीस मी भरली. आणि ती शेवटपर्यंत उत्तराची वाट बघत होती. मी भोजराजला खिडकीशी उभं करून जे केलं, ते तिच्याशी आधीच करून बसलो होतो. त्याच्यावरचा राग एवढा का वाढला हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. राग कमी झालेला नाही. त्याच्या वाट्याचा त्याच्याकडे आहे आणि माझ्या वाट्याचा माझ्याकडे आला आहे, इतकाच फरक.

पाच जुलैला मी शेवटचं काम केलं. तीन रजिस्टर पाकिटं बुक केली. पहिली दोन माझ्या कबुलीची. तिसऱ्यात प्रियाचा अर्ज, तिच्या अक्षरातला, जसा होता तसा. सोबत माझा एक कागद, की हा नऊ महिने माझ्या खणात का होता आणि त्या नऊ महिन्यांत काय झालं. सुकरामने थैलीत टाकताना तिसऱ्याचा पत्ता वाचला. "मास्तर, हे कोणाचं?" मी म्हटलं, "प्रियाचं." त्याने ते पाकीट थैलीत इतर टपालाबरोबर टाकलं नाही. खिशात ठेवलं आणि सायकलवर बसला. त्या अर्जाखाली त्याचीही सही आहे.

आठ तारखेला माझं काम काढून घेतलं. चौकशी चालू आहे. नोकरी राहणार नाही, हे मी धरून चाललो आहे. पोलिसांत गेलं तर तेही भोगीन.

अर्जावर सुनावणी लागली आहे. एकोणतीस जुलै, सकाळी अकरा, सालेकसा. त्यालाही नोटीस आली. नवीन पोस्टमास्तर यायचा आहे, म्हणून सुकरामनेच नेऊन दिली. भोजराजने घ्यायला नकार दिला. सुकराम म्हणाला, "भाऊ, मी शेरा मारत नाही. मी इथेच बसतो." तीन तास अंगणात बसला. मग घेतली.

सह्या करणारे अठ्ठावीस पालक येणार म्हणतात. वीटभट्टीवाले दोघं छत्तीसगडहून येतो म्हणाले. भोजराजने वकील केला आहे. खताच्या पोत्यांचा कागद तयार करून घेतो आहे, असं ऐकलं. करू दे. आता आमच्या मध्ये कोणतंही पोर नाही. तो आहे आणि मी आहे.

तू अठ्ठावीसला देवरीहून येणारी गाडी धर. मी आमगावला घ्यायला येतो. तुला ऐकू आलं नाही तरी चालेल. बोलूही नकोस. पहिल्या रांगेत, त्याच्या बरोबर समोर बस, आणि तो जितका वेळ बोलेल तितका वेळ त्याच्याकडे बघत राहा.

तुझा
रत्नपाल